छोट्या लाकूडकाम युनिटमध्ये डिझायनर घ्यायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी एक छोटं लाकडी फर्निचरचं युनिट सांभाळते, पंधराएक माणसं आणि मोजक्या मशिनी, आणि गेली काही वर्षं आम्ही बाहेरच्या डिझायनरबरोबर बसून प्रॉडक्ट काढतोय. आमच्यासारखीच युनिटं चालवणारे फोन करून साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं बैठक मारून लिहून काढलं. जिथे आमचं चुकलंय तिथे तेही लिहिलंय.

आमच्या मिस्त्रींना वीस वर्षांचा अनुभव आहे, सगळं येतं त्यांना. मग डिझायनर कशाला?

कसं बनवायचं ते मिस्त्रीला येतं, आणि ते त्याच्याइतकं डिझायनरला कधीच येणार नाही. पण काय बनवायचं, कोणासाठी, आणि गिऱ्हाइकानं ते तुमच्याकडूनच का घ्यावं, हे प्रश्न मिस्त्रीला कोणी विचारतच नाही, त्याच्यासमोर गिऱ्हाइकाने आणलेला फोटो असतो आणि डिलिव्हरीची तारीख असते. फोटो बघून बनवायचं म्हटलं की तुमची लढाई फक्त भावावर येते, आणि भावाच्या लढाईत मोठा कारखाना तुम्हाला हरवणारच, कारण त्याला माल घाऊक मिळतो आणि त्याची मशीन रात्रभर चालते. छोट्याकडे काय असतं तर चांगलं लाकूड, चांगला हात, आणि पंधरा नग सुद्धा काढायची तयारी. या तीन गोष्टींचा उपयोग होईल अशी वस्तू शोधणं, हे डिझायनरचं काम. मिस्त्रीच्या जागी तो येत नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा.

डिझाइन म्हणजे शेवटी दिसायला छान करणंच ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. मिखाएल थोनेटची 1859 ची 14 नंबरची खुर्ची बघा, वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची, कॅफेतली म्हणून सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. ती सुंदर आहेच, पण तिची खरी हुशारी अशी की अख्खी खुर्ची लाकडाचे 6 भाग, 10 स्क्रू आणि 2 नट एवढ्यात होते, आणि सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या बसायच्या. म्हणजे जोडणी, पॅकिंग, वाहतूक, दुरुस्ती, सगळ्याचा विचार आकार ठरवतानाच झालेला. थोनेट स्वतः लाकूडकाम करणारा माणूस होता. डिझाइन म्हणजे हे, भाग कमी करणं, चूक व्हायला जागाच न ठेवणं. छान दिसणं बरेचदा त्यातूनच येतं.

डिझायनरला कधी बोलवायचं?

मापं ठरायच्या आधी. सगळे बोलावतात शेवटी, आम्हीही तेच केलं होतं, टेबल तयार होतं आणि त्याला म्हटलं जरा बरं दिसेल असं करून द्या, त्याने कड बदलली, पाय बारीक केले, बिल वाढलं आणि टेबल होतं तिथेच राहिलं. दोष त्याचा नव्हता, आम्ही त्याच्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

लवकर बोलावल्याने काय होतं ते एका प्लायच्या शीटवर दाखवते. शीट 2440 बाय 1220 मिमीची. समजा शेल्फच्या फळ्या हव्यात 800 लांब आणि 400 रुंद, व्हिनिअरची (वर चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याची) रेषा लांबीच्याच दिशेला. रुंदीत तीन पट्ट्या बसतात, 1200 झाले, करवतीच्या दोन कापांचे प्रत्येकी तीनेक मिमी गेले तरी कडा साफ करायला जागा उरते. लांबीतही तीन बसतात. एका शीटमध्ये 9 फळ्या. आता कोणीतरी म्हटलं की खोली जरा कमी वाटतेय, 410 करा. तीन पट्ट्यांना 1230 लागतात, शीट आहे 1220 ची, झालं, दोनच पट्ट्या आणि 6 फळ्या. दहा मिलिमीटरसाठी एकतृतीयांश माल गेला, कारण 400 रुंदीचा जो तुकडा उरतो तो या प्रॉडक्टला कामाचा नाही. रेषेची अट नसेल तर काही फळ्या फिरवून 8 निघतात, पण तयार शेल्फमध्ये एक फळी उभ्या रेषेची आणि एक आडव्या, हे डोळ्याला लगेच खुपतं. हा हिशोब कागदावर असतो तेव्हा फुकट असतो, माल कापल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये आल्यावर त्याला काय दाखवायचं?

ऑफिसात बसवून कॅटलॉग दाखवू नका. आधी तुकड्यांचा ढीग दाखवा. आमच्याकडे बँड सॉच्या मागे एक कोपरा आहे, तिथे तीन-चारशे मिमी लांबीच्या सागाच्या पट्ट्या साठत जायच्या, फेकवत नाही आणि वापरातही येत नाहीत, रंधा मारलेल्या, छान रेषेच्या. एक डिझायनर त्या कोपऱ्यात अर्धा तास उकिडवी बसून एकेक पट्टी मोजत होती, लांबी वहीत लिहीत होती, मिस्त्री लांबून बघत होते की ही करतेय काय. तिने त्याच लांबीत बसणारा छोटा स्टूल काढला, आडव्या पट्ट्यांसकट. नवीन लाकूड फक्त पायांना लागतं.

त्यानंतर मशिनी. प्लेनरची (रंधा मारायच्या मशीनची) रुंदी किती, थिकनेसरमध्ये (जाडी एकसारखी करणाऱ्या मशीनमध्ये) जाडात जाड काय जातं, राउटरचे (खाचा आणि कडा कोरणाऱ्या मशीनचे) कुठले बिट, म्हणजे पाती आहेत, क्लॅम्प किती आणि केवढे लांब, पॉलिश कुठे होतं आणि तिथे धूळ किती येते, दरवाजातून केवढी वस्तू बाहेर निघते. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल पण एकसंध मोठी वस्तू बाहेर काढताना कड ठेचकाळली की सगळी मेहनत वाया. आणि काय जमत नाही तेही सांगा, वाकवायची सोय नाही, व्हिनिअर प्रेस नाही, जे नाही ते नाही. कमीपणा काही नाही त्यात. मर्यादा कळली की चांगला डिझायनर उलट खुलतो.

डिझायनरला लाकूड कळतं का?

सगळ्यांना नाही, आणि हे घ्यायच्या आधीच तपासा. स्क्रीनवर सगळं मटेरियल सारखंच दिसतं. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं, आणि ते सगळ्या दिशांना सारखं नाही. तंतूंच्या लांबीत जवळजवळ काहीच नाही, पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत 0.1 ते 0.2 टक्के, पण रुंदीत भरपूर, आणि त्यातही वाढचक्रांच्या (खोडातल्या वर्तुळांच्या) कडेकडेने होणारं आकसणं हे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट.

आमच्याकडे 900 मिमी रुंद सॉलिड लाकडाचा टॉप आणि खाली घट्ट पक्की केलेली फ्रेम असं एक ड्रॉइंग आलं होतं. हेडमिस्त्री म्हणाले, याला हलायला जागा द्या. डिझायनर म्हणाला स्क्रू दिसायला नकोत, चिकटवून टाका, आणि मी डिझायनरची बाजू घेतली कारण मला तो लूक आवडला होता. तेवढ्या रुंदीच्या टॉपमध्ये ओलाव्यात 4 टक्क्यांचा फरक पडला तर साधारण आठ-दहा मिमीची हालचाल होते, ती कुठेतरी जाणारच. ऋतू बदलल्यावर टॉप मधोमध तडकला, काडकन आवाज आला म्हणे, गिऱ्हाईक घाबरलं. माल बदलून द्यावा लागला आणि मिस्त्री काही बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं. उपाय साधा आहे, फ्रेममध्ये स्क्रूची भोकं लांबट ठेवायची किंवा लाकडी बटणं लावायची जी खाचेत सरकतात, टॉप आपला आपला हलतो. आता ड्रॉइंगवर मिस्त्रींची सही झाल्याशिवाय कटिंग सुरू होत नाही. आणि लाकूड मॉइश्चर मीटरने मोजूनच घ्या, घरातल्या फर्निचरला साधारण 8 ते 12 टक्के ओलावा ठीक.

मिस्त्री आणि डिझायनर यांचं पटत नाही, काय करायचं?

बहुतेक वेळा दोघं एकमेकांशी बोलतच नसतात, दोघंही मालकाशी बोलतात आणि मालक निरोप्या होतो, निम्मं इकडचं तिकडे पोचत नाही. दोघांना एका टेबलाशी बसवा, समोर लाकडाचा तुकडा ठेवा आणि तुम्ही थोडा वेळ बाहेर जा. तोंडी बोलताना डिझायनरचे शब्द वेगळे, मिस्त्रीचे वेगळे, पण हातात कुसू (खाचेत बसणारं टोक) आणि खाच असलेला सांधा असला की दोघं बोट ठेवून बोलतात आणि भांडण निम्मं मिटतं.

यातून किती मोठं काम होऊ शकतं त्याचं उदाहरण म्हणजे फिनलंडचे आर्किटेक्ट आल्वार आल्टो आणि तुर्कू शहरात फर्निचर कारखाना चालवणारे ओट्टो कोर्होनेन. बर्च लाकडाच्या पायाचं वरचं टोक काटकोनात वाकवायचं होतं. तेवढ्या भागात उभ्या चिरा पाडल्या, चिरांत पातळ लाकडी पट्ट्या सरसासकट सरकवल्या आणि मग वाकवलं, पाय खाली सॉलिड आणि वर लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवलेला. 1933 चा तो तीन पायांचा स्टूल आजही बनतो. ही युक्ती ऑफिसात बसून सुचत नाही, आणि नुसत्या वर्कशॉपमध्येही तिला कोणी विचारलं नसतं.

छोट्या वर्कशॉपनं असं करून खरंच बाजार मिळवलाय का?

मिळवलाय, आणि एकदोघांनी नाही. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या कॅबिनेटमेकरांची, म्हणजे फर्निचर कारागिरांची संघटना होती, छोटी छोटी वर्कशॉप, आणि यंत्रावरचं स्वस्त फर्निचर त्यांना खाऊन टाकत होतं, म्हणजे आपलंच दुखणं. त्यांनी 1927 पासून दरवर्षी प्रदर्शन भरवायला सुरुवात केली, ते 1966 पर्यंत चाललं, आणि पुढे त्यात कारागीर आणि आर्किटेक्ट यांच्या जोड्या जमत गेल्या. आर्किटेक्ट फिन यूल आणि कारागीर नील्स वोडर ही एक जोडी, डिझायनर हान्स वेग्नर आणि कारागीर योहानेस हान्सन ही दुसरी. वेग्नर स्वतः आधी सुतारकाम शिकलेले होते, आणि त्यांची 1949 ची गोल पाठीची खुर्ची 1960 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या केनेडी-निक्सन टीव्ही डिबेटमध्ये दिसली. आज आपण ज्याला डॅनिश मॉडर्न म्हणतो त्याचा बराचसा भाग या अशा जोड्यांतून आलाय.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते "दरवर्षी". एकदा डिझायनर घेतला, एक प्रॉडक्ट काढलं, विकलं नाही म्हणून सोडलं, असं त्यांनी केलं नाही. तीच माणसं पुन्हा पुन्हा एकत्र बसली, आणि पाचव्या खुर्चीपर्यंत एकमेकांची भाषा शिकली.

ब्रीफमध्ये, म्हणजे डिझायनरला काय हवंय ते सांगणाऱ्या कागदात, काय लिहायचं?

एक पान पुरे. कोण वापरणार, कुठे वापरणार, किती नग एका वेळी काढायचे, कोणतं लाकूड हाताशी आहे, मजुरीचे तास जास्तीत जास्त किती, आणि विकायची किंमत कुठल्या घरात. "मॉडर्न पण ट्रॅडिशनल" असलं काही लिहू नका, त्याचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. त्यापेक्षा "दोन माणसांना उचलून जिन्यातून नेता आलं पाहिजे" हे लिहा.

सॅम्पल किती करावे लागतात?

खुर्ची असेल तर तीन धरून चाला. पहिला हलक्या लाकडाचा किंवा प्लायचा, नुसता बसून बघायला. बसायची उंची साधारण 400 ते 450 मिमी, जेवणाच्या टेबलाची उंची 720 ते 750, बैठक आणि टेबलटॉप यांच्यात 280-300 चं अंतर, ही मापं सगळ्यांना माहीत असतात, पण पाठीचा कल अंगालाच कळतो. आम्ही एका खुर्चीची पाठ दोनदोन अंशांनी बदलत उंच, ठेंगण्या, जाड, बारीक सगळ्यांना बसवून बघितलं, आणि बोलण्यापेक्षा माणूस किती वेळात चुळबुळ करतो त्याच्याकडे लक्ष दिलं. दुसरा सॅम्पल खऱ्या लाकडात, खऱ्या सांध्यांसह, आणि त्याला लागलेला वेळ घड्याळ लावून लिहायचा. तिसरा जिग (भाग दरवेळी त्याच मापात धरायचा साचा) वापरून, आणि तो अशा माणसाकडून बनवून घ्यायचा ज्याने आधीचे दोन बनवले नाहीत. तो जिथे अडेल तिथे ड्रॉइंग किंवा जिग अपुरं आहे असं समजा. शेल्फ किंवा साध्या बाकाला दोन सॅम्पल चालतात.

मजबुती कशी तपासायची, लॅब परवडत नाही.

मोठ्या ऑर्डरला किंवा निर्यातीला लॅबचा रिपोर्ट मागतात, मानक म्हणून खुर्च्यांसाठी आयएसओ 7173, युरोपात घरगुती बैठकीसाठी ईएन 12520, ज्यात 110 किलोपर्यंतचा माणूस धरलेला आहे. त्याआधी वर्कशॉपमध्ये स्वतः मोडून बघा. खुर्ची मागच्या दोन पायांवर कलंडवून भरपूर वजनाने बसायचं, शेकडो वेळा, आणि मागचा पाय आणि बैठकीची पट्टी जिथे मिळतात तो सांधा बघत राहायचा. खुर्ची बहुतेक तिथेच जाते. डिझायनरला समोर उभं करा.

डिझायनरला पैसे कसे द्यायचे?

तीन प्रकार चालतात. एकरकमी फी, म्हणजे काम झालं, हिशोब संपला. रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या प्रत्येक नगावर टक्केवारी, फर्निचरमध्ये ती कारखान्याच्या विक्री किमतीच्या साधारण 3 ते 5 टक्के असते. किंवा थोडी फी आधी आणि बाकी रॉयल्टी. छोट्यांना मी तिसरा सुचवते. नुसत्या रॉयल्टीवर डिझायनर तुमच्याकडे वेळ देणार नाही कारण पहिले काही महिने त्याच्या हाती काहीच येत नाही, आणि नुसत्या फीवर तो सॅम्पलनंतर फोन उचलायला बांधील नाही. खरं काम तर सॅम्पलनंतर सुरू होतं. सॅम्पलच्या किती फेऱ्या, वर्कशॉपला किती भेटी, रॉयल्टीचा हिशोब कधी दाखवायचा, हे लिहून घ्या. ओळखीतला असला तरी, उलट ओळखीतला असला तर जास्तच.

डिझाइन कोणाच्या मालकीचं?

जे करारात लिहाल ते. लिहिलं नसेल तर पैसे दिले म्हणून ते आपोआप तुमचं होतं असं धरून चालू नका, बऱ्याच ठिकाणी ते करणाऱ्याकडेच राहतं. रजिस्टर करायचं असेल तर अर्ज आधी आणि फोटो नंतर, कारण डिझाइन नवं असणं ही अट असते आणि काही ठिकाणी स्वतःच टाकलेल्या फोटोमुळेही ती मोडते. आणि दुसऱ्याचं डिझाइन थोडं बदलून स्वतःच्या नावावर खपवायला कुठल्याच डिझायनरला सांगू नका, जो हो म्हणेल तो तुमचं डिझाइनही उद्या दुसरीकडे देईल.

आमच्याकडे सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) नाही, अडेल का?

नाही. सीएनसी असेल तर डिझायनरला बिटचा व्यास सांगा, कारण 6 मिमीचा बिट आतल्या कोपऱ्यात 3 मिमीची गोलाई ठेवतोच, चौकोनी भाग त्यात बसत नाही, मग पटाशीने कोपरे काढत बसा. नसेल तर चांगली जिग आणि टेम्प्लेट बनवून घ्या, त्यावर केलेला खर्च पहिल्या वीस नगांत निघतो. कपाटं करत असाल तर 32 मिमीची सिस्टिम पाळा, 5 मिमीची भोकं, एकमेकांपासून 32 वर, पुढच्या कडेपासून 37 वर, म्हणजे बाजारातले बिजागरं-चॅनल थेट बसतात.

ड्रॉइंग कसं असलं की काम थांबत नाही?

प्रत्येक भागाचं वेगळं माप, रेषेची दिशा बाणाने, सांध्याचा एकास एक मापाचा छेद, आणि कटिंग लिस्ट. थ्रीडी चित्र गिऱ्हाइकाला दाखवायला ठीक, मशीनपाशी त्याचा उपयोग नाही.

पूर्ण वेळ डिझायनर परवडत नाही, शिकणाऱ्या मुलांना घेतलं तर?

जरूर घ्या, पण फुकट काम म्हणून घेऊ नका, त्यांना मानधन द्या आणि पहिले पंधरा दिवस मशीनवर उभं करा, सँडिंगपासून. त्यांच्याकडून पूर्ण प्रॉडक्टची अपेक्षा नको, एखादा नेमका प्रश्न द्या, पॅकिंग कसं सुधारायचं, तुकड्यांचं काय करायचं. अनुभवी डिझायनर महिन्यातून दोन दिवस आणि वर्कशॉपमध्ये एक शिकणारा मुलगा किंवा मुलगी, ही जोडी आमच्याकडे सगळ्यात चांगली चालली.

सुरुवात कुठल्या वस्तूपासून करू?

खुर्चीपासून नको, तिच्यात सगळ्या दिशांनी जोर येतो आणि चुका लपत नाहीत. स्टूल, बाक, भिंतीवरचं शेल्फ, यातलं काहीतरी घ्या, ज्यात भाग दहाच्या आत असतील आणि जे तुमचा मिस्त्री डोळे मिटून बनवू शकेल. आम्ही बाकापासून सुरू केलं. चार वेळा ड्रॉइंग बदललं, पायाची जाडी 45 वरून 38 वर आली, मधली आडवी पट्टी गेली आणि मग मिस्त्रींनी सांगितल्यावर परत आली, थोडी वर सरकून, कारण त्यांचं म्हणणं होतं की माणूस बसल्यावर टाच मागे घेतो आणि ती तिथे आपटते. डिझायनर लगेच बसून बघायला गेला, टाच मागे घेतली, आणि पेन्सिलने पायावर नवीन खूण केली. आमचा बाक अजून त्याच खुणेवर बनतो.